बावीस मिनिटांची बाजू

६ जानेवारी, सोमवार

पंपांच्या कंपनीने दरवर्षीप्रमाणे डायरी पाठवली. काम पाठवणं ऑक्टोबरात बंद केलं, डायरी मात्र चुकली नाही. पत्ते चिकटवणाऱ्या माणसाला कुणी कळवलं नसावं. एकतीस वर्षं मी त्यांची जर्मन माहितीपत्रकं मराठीत आणली. झडप कशी उघडावी, मोटर कशी जोडावी, काय केल्याने बोट तुटेल. आता ते काम यंत्र करतं. मधली दोन वर्षं यंत्राने केलेलं मला तपासायला देत, मग तेही यंत्रच तपासू लागलं. मला राग आलेला नाही. आलाय, पण तो कुणावर काढायचा हे ठरत नाही.

वय सदुसष्ट. एरंडवण्यातली इमारत पाडून नवी बांधणार म्हणून तीन वर्षांसाठी वारज्याला आले, त्याला पाच झाली. शेजारी फार चांगले आहेत, कधीच भेटत नाहीत.

आज दिवसभरात मोठ्याने बोललेले शब्द: दूधवाल्याला "अर्धा", वॉचमनला "माझं नाही ते".

९ जानेवारी, गुरुवार

काहीतरी करायला हवं. दुपारी तीन ते सहा हा वेळ फार रुंद आहे.

लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडे काय आहे, याचा विचार केला. पंप सोडले तर एकच गोष्ट निघाली: अकरा जर्मन तबकड्या. १९८१ साली माझ्या तेव्हाच्या नोकरीतल्या कंपनीचे जर्मन इंजिनियर मायदेशी परत गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने सामान आवरताना एक खोका मला दिला. मला वाटलं, व्हायोलिन वगैरे असेल. घरी येऊन लावलं तर आधी टाकीत पाणी पडल्याचा आवाज, मग कुणीतरी पत्रा बडवतंय, मग एक ड्रम सुरू झाला तो थांबेचना. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, बिघडलंय का गं काही.

बिघडलेलं नव्हतं. सत्तर सालच्या आसपासची ती तरुण मुलं. बापांनी जे गायलं ते यांना गायचं नव्हतं, अमेरिकनांची नक्कलही नको होती. म्हणून मिळेल त्या वस्तूपासून त्यांनी नव्याने सुरुवात केली. गिटार, ऑर्गन, रेडिओची खरखर, कापून जोडलेल्या फिती. काय काय ओढून वाजवत असत म्हणे. आम्ही चकल्या खाऊन ऐकायचो, तरी पोचायचं.

आम्ही म्हणजे मी आणि हेमा. हेमाबद्दल लिहायचं नाही.

रेकॉर्डप्लेअर बाळदादाने, माझ्या थोरल्या भावाने, शिकागोहून आणला होता. तिकडचं यंत्र एकशेदहा व्होल्टचं, म्हणून शेजारी एक ट्रान्सफॉर्मर लागतो. तो सुरू झाला की घूं करतो. चव्वेचाळीस वर्षं चाललाय. बाळदादा इंजिनियर होता, त्यामुळे आम्हाला चिंता नव्हती. पुलांचा इंजिनियर होता, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. नाव: "जर्मन तबकड्या". दर रविवारी एक शिफारस. लिहिणार फक्त मी. चर्चेला जागाच ठेवलेली नाही. जुन्या जर्मन वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकली.

१२ जानेवारी, रविवार

तेवीस जण आले. पहिली शिफारस लिहिली. इथेही उतरवून ठेवते:

"तबकडी पहिली. पुठ्ठ्याचं जाकीट कोरं पांढरं, वर एक अक्षर नाही. पहिली बाजू बावीस मिनिटं. ड्रम सुरुवातीला एक ठेका धरतो आणि तो शेवटपर्यंत सोडत नाही. हा पळणाऱ्याचा ठेका नव्हे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून चालत घरी निघालेल्या माणसाचा आहे. त्याला घाई नाही, पण तो थांबतही नाही. चौदाव्या मिनिटाला ऑर्गन येतो, तोवर उठू नये. बाजू लावताना गॅसवर पातेल्यात भात ठेवावा, दोन्ही बरोबर होतात. शक्यतो शेजारी कुणाला तरी बसवून ऐकावी. बोलू नये. मूळ नाव, गाव आणि साल खाली जर्मनमध्ये दिलं आहे. फोनवर मिळते म्हणतात. मी फोनवर ऐकत नाही. मी बाटलीतला आमरसही खात नाही."

अकराही तबकड्यांना आमची घरातली नावं आहेत. ही "कोरी". मग "कुत्रं", "निळी", "धरण", आणि पुढे बाकीच्या. गटावर मात्र खरी नावं द्यायची.

चार जण लगेच गट सोडून गेले. एकाने अंगठा दाखवला. कुणी वाचलं हे फोन दाखवतो. एक अनोळखी नंबर आहे, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. त्याने पाठवल्याबरोबर वाचलं आणि अंगठाही दाखवला नाही. फुकट वाचणारे सगळीकडेच असतात.

१९ जानेवारी, रविवार

"कुत्रं" पाठवली. जाकिटावर भिंतीवर पडलेली कुत्र्याची सावली. पहिल्या बाजूत गाणं म्हणावं असं काही नाही, नुसता एक कारखाना हळूहळू जागा होतो. लिहिलं की, ही दुपारच्या झोपेनंतर, तोंड न धुता ऐकावी. दोघं असतील तर एकाने पलंगावर आणि एकाने जमिनीवर.

दुपारी एका गृहस्थांचा वेगळा निरोप आला. नाव उत्तरेश्वर. हडपसरला एका कारखान्यात लेथवर आहेत, वय बेचाळीस. कारखान्यात जर्मन पाहुणे येतात म्हणून त्यांना भाषा शिकायची होती. कुणीतरी माझी लिंक पुढे पाठवली, त्यांना वाटलं इथे जर्मन शिकवतात. मी लिहिलं, चुकून आला असाल तर बाहेर पडायचं बटण वर उजवीकडे आहे. त्यांनी लिहिलं, "राहू द्या मॅडम. कारखान्याची तबकडी बसमध्ये ऐकली. आमच्या शॉपमध्ये पहिली पाळी अशीच सुरू होती." मग थोड्या वेळाने: "एक विचारू का? तुम्ही दर वेळी दोघांनी ऐका लिहिता. मंडळी गावाकडं आहेत, बार्शीजवळ. एकट्याने ऐकलं तर चालतं का?"

मी दोघांनी असं कुठे लिहिलं, म्हणून वर जाऊन पाहिलं. लिहिलं होतं. सवयीने लिहिलं असणार.

उत्तर पाठवलं: "चालतं. मी एकटीच ऐकते."

२५ जानेवारी, शनिवार

शनिवारी तीन वाजता ऐकायचं, हे १९८१ पासून आहे. कंपनीतून अर्ध्या दिवसाने सुटलो की हेमा आधी घरी जाऊन मग येई. आम्ही दोघी जर्मनच्या वर्गात भेटलो, मग एकाच कंपनीत लागलो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. ती आली की चपला काढता काढता विचारायची, आज कोण? म्हणजे कोणती तबकडी. मग भात लावायचा, बाजू लावायची. बाजू संपली की भात तयार. वर तूप, मेतकूट.

वेताच्या खुर्च्या दोन आहेत. दुसरी गॅलरीत ठेवली तर उन्हाने विणकाम सुटेल, म्हणून आतच प्लेअरसमोर असते.

हेमाबद्दल लिहिणार नव्हते. असो.

२ फेब्रुवारी, रविवार

आज "धरण" पाठवली. ही पाठवायला मन होत नव्हतं, कारण ही माझी आहे. जाकिटावर एका धरणाचा धुकट फोटो. दुसऱ्या बाजूला सगळी वाद्यं गप्प होतात आणि एक पुरुष गातो. गातो म्हणजे, सांगतो. खिडकी उघडी आहे, दिवा चालू आहे, उशीर झाला तरी ये. एवढंच, पुन्हा पुन्हा. आवाज खालचा, दमलेला, पण सभ्य. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वाटून घरी आलेला माणूस. आम्ही त्याला पोस्टमास्तर म्हणायचो.

लग्नाची बोलणी चालू होती त्या दिवसांत मी मुलगा बघून आले, की हेमा विचारायची, पोस्टमास्तरांच्या मानाने कसा? आणि मी म्हणायची, छे. अशा तऱ्हेने सात मुलं गेली. आईने पोस्टमास्तरांना कधी पाहिलं नाही, नाहीतर तिने त्यांचीच पत्रिका मागवली असती.

गटावर लिहिलं: "दुसरी बाजू, तेरावं मिनिट. पुरुषाचा इतका समजूतदार आवाज मी दुसऱ्या कोणत्याही देशात ऐकलेला नाही."

चौदा जण उरलेत. जास्वंदीने या वेळी लगेच वाचलं नाही. दुपारी चारनंतर वाचलं.

९ फेब्रुवारी, रविवार

उत्तरेश्वर यांचा लांबलचक निरोप. आधी तीन ओळी माफी. मग मुद्दा: "मॅडम, तुमच्यात आन माझ्यात फरक पडतोय. कोऱ्या तबकडीची पहिली बाजू तुम्ही बावीस मिनिटं लिहिली. माझ्या फोनवर अठरा मिनिटं वीस सेकंद हाय. मी तुम्ही सांगितल्यापरमानं भात ठेवला, तर बाजू संपली आन तांदूळ कचकच. आन मंडईवाला माणूस मला काय दिसंना. हे पळतंय मॅडम. बस चुकंल म्हणून पळतंय. आन धरणात मला बुवा सापडला नाही. बाई हाय."

मी लिहिलं: "तुम्ही दुसरंच काहीतरी ऐकत आहात. नाव नीट वाचा."

त्यांनी जाकिटाचा फोटो पाठवला. धरण, धुकं, सगळं तेच.

मी लिहिलं: "फोनवर कापून टाकत असतील."

ते म्हणाले, असंल. हे त्यांचं "असंल" मला दिवसभर टोचतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही. हेमा १९८६ साली शिष्यवृत्तीवर दहा महिने जर्मनीला गेली. परत आली, त्या पहिल्याच शनिवारी तीन वाजता आली. खांद्याला नवी पिशवी, केस कापलेले. मी भात लावला, बाजू लावली. पाच मिनिटं झाली असतील. बोलायचं नाही असा नियम असून ती बोलली. म्हणाली, "मंदा, आपण ऐकतो ते हे नव्हेच. तिकडे ऐकलं मी. हे पळतं. आणि पोस्टमास्तर बाप्या नाहीत गं, बाई आहे ती."

आणि हसली. मला ते हसणं दिसलं. दहा महिने मी इथे शनिवारी एकटी बसले होते, आणि ही येऊन मला सांगते की आपले पोस्टमास्तर नव्हतेच. मी आईसमोर म्हणाले, "दहा महिन्यांत कान तिकडचे लावून आलीस, आता जीभही तिकडचीच लाव. म्हणजे इथे कुणाला त्रास नको."

तिने पिशवी मांडीवर घेतली होती, ती परत खांद्याला लावली. भात न खाता गेली. दोन महिन्यांनी नोकरीही बदलली. २००४ साली एका लग्नात दिसली, मान हलवली, मीही हलवली. नवऱ्याची ओळख करून दिली. बास.

मी खोटं ऐकत नव्हते. माझे कान शाबूत आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज तीन वाजता प्लेअर लावला, पण ऐकायला नाही. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ घेऊन मोजायला बसले. मिनिटाला तेहेतीस फेरे आणि वर एक तृतीयांश व्हायला हवेत.

अठ्ठावीस. पुन्हा मोजले, अठ्ठावीस. पुन्हा मोजले, अठ्ठावीसही पुरते होत नव्हते.

मग प्लेअर उपडा केला. खाली एक पितळी पट्टी आहे, चव्वेचाळीस वर्षांत मी ती वाचली नव्हती. ११७ व्होल्ट, ६० सायकल.

आपल्याकडे वीज पन्नासची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हे बदलत नाही. साठची मोटर पन्नासवर चालवली तर वेग एक षष्ठांशाने कमी होतो. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. हे वाक्य मी स्वतः मराठीत आणलेलं आहे, प्रत्येक पंपाच्या पत्रकात, पान चार, ठळक अक्षरांत: "जोडणीपूर्वी मोटरवरील पट्टी वाचावी." एकतीस वर्षांत किती वेळा लिहिलं असेल.

वेग कमी झाला की आवाजही खाली उतरतो. बाईचा पुरुष होतो.

आमच्याकडे दुसऱ्या कसल्या तबकड्या नव्हत्याच, गाणं सगळं रेडिओवर. असत्या तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

भात लावला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

शिफारस पाठवली नाही. कुणी विचारलंही नाही. उत्तरेश्वर यांना मात्र लिहिलं: "तुमचं बरोबर आहे. माझं यंत्र मंद आहे." त्यांनी लिहिलं, "मॅडम, वेग कशानं येतो तेवढं सांगा. पट्टा असंल तर मोटरवर पुली असंल. पुलीचं काम आपल्या हातातलं हाय."

२३ फेब्रुवारी, रविवार

उत्तरेश्वर हडपसरहून मोटरसायकलवर आले. डबा बरोबर आणला होता, चहाला नको नको म्हणाले आणि दोन कप प्यायले. पाच वर्षांत या घरात बसून चहा प्यालेले ते तिसरे. पहिले दोघे गॅसवाले.

प्लेअर उघडून त्यांनी मोटरवरची पितळी पुली काढली, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. व्हर्नियरने मापं घेतली, हातावर पेनाने लिहिली. म्हणाले, मोटर हळू फिरते तर पुली मोठी करायची, एकाला एक पूर्णांक दोन दशांश. लेथवर अर्ध्या तासाचं काम. मी विचारलं, इतक्या लांब का आलात, सांगितलं असतं तर मी पुली पाठवली असती. ते म्हणाले, "रविवारी खोलीवर नुसतं पडून ऱ्हायचं. घरी फोन केला तर दीपमाला म्हणती, काय ऐकताव ते मला बी ऐकवा. फोनवरून फोनवर काय ऐकू जाणार." दीपमाला म्हणजे त्यांची बायको. ते दिवाळीला आणि जत्रेला गावी जातात.

जाताना त्यांनी काढलेली पुली पुन्हा बसवून दिली, तोवर तुमचा खोळंबा नको म्हणून. मी म्हणाले, माझा कसला खोळंबा.

१ मार्च, शनिवार

नवी पुली काल कुरियरने आली. कागदात गुंडाळलेली, वर लिहिलं होतं: "पट्टा जपून". तीन वाजता बसवली. जुनी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली. फेरे मोजले: तेहेतीस आणि थोडंसं.

"कोरी" लावली. पळते. मंडईवाला कुठेच नाही. तरुण पोरं आहेत ही, वीस-बावीसची, त्यांना कुठेतरी पोचायचंय आणि त्यांना फार मजा येतेय. चांगली आहे. खोटं कशाला बोलू, फारच चांगली आहे. मला अगदी म्हातारं वाटलं.

मग "धरण", दुसरी बाजू. अकराव्या मिनिटालाच आला तो भाग. बाई आहे. तरुण, स्वच्छ आवाज, जराशी चिडलेली. खिडकी उघडी आहे, दिवा चालू आहे, उशीर झाला तरी ये. पोस्टमास्तर सगळं पदरात घालून घेणारे होते. ही तशी नाही. हिला वाट बघण्याचा कंटाळा आलाय.

सात मुलं मी हिच्यापायी नाकारली म्हणायची. हसू यायला हवं होतं.

२ मार्च, रविवार

शिफारशीच्या जागी चूकदुरुस्ती पाठवली. "आजवर लिहिलेली सर्व मिनिटं एक षष्ठांशाने कमी करून वाचावीत. कोरी तबकडी चालत नाही, पळते. भात पातेल्यात ठेवू नये, कच्चा राहील. धरणातला पुरुष ही बाई आहे. कारण: यंत्रावरची पट्टी वाचली नव्हती. हे मला १९८६ साली एका व्यक्तीने सांगितलं होतं. तिचं बरोबर होतं. मी तिला वाईट बोलले."

शेवटची तीन वाक्यं गटातल्या चौदा लोकांना कशाला सांगितली, कळत नाही. पण काढली नाहीत. जास्वंदीने लगेच वाचलं. बाकीच्यांपैकी आठांनी वाचलं.

५ मार्च, बुधवार

चूक छापली की ज्याच्याबद्दल चूक झाली त्याला कळवायचं, ही कामाची पद्धत आहे. म्हणून जुन्या वर्गातल्या सीताराम साठ्यांकडून हेमाचा नंबर घेतला. ती येरवड्याला असते, नवरा चार वर्षांपूर्वी गेला. हे मला सीतारामकडून कळावं.

नंबर फोनमध्ये घातला, "हेमा" लिहिलं, आणि तिथे जास्वंदीचं फूल आलं.

मी बराच वेळ ते फूल बघत बसले. पहिल्या रविवारपासून. कोरी, कुत्रं, निळी, धरण. दोघींनी कसं बसायचं ते सगळं तिने वाचलेलं.

फोन केला. तिने उचलला आणि म्हणाली, "बोल मंदा." जसं काही मी कालच फोन ठेवला होता.

मी म्हणाले, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, हो, वाचलं. मग मी सायकल, मोटर, पुली सगळं सांगितलं, चांगली दहा मिनिटं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी मी तबकडीबद्दल बोलायला आलेच नव्हते."

मी विचारलं, मग कशाबद्दल?

"माझ्या पिशवीत दोन अर्ज होते. तिथल्या एका भाषांतराच्या कचेरीत दोन जागा होत्या. मराठी आणि हिंदी. मी तुझं नाव सांगून आले होते. एकदम कसं काढायचं म्हणून आधी गंमत म्हणून तबकडीचं काढलं. तू बोललीस. मग पिशवी उघडलीच नाही."

 मी विचारलं, "मग तू एकटी का नाही गेलीस?"

ती म्हणाली, "दोन अर्ज होते, मंदा."

याचा अर्थ काय, हे मी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, बरं. मग म्हणाले, शनिवारी तीन वाजता येतेस का. ती म्हणाली, वारज्याला? येरवड्याहून? माझे गुडघे बघितलेस का? मी म्हणाले, नाही बघितले. ती म्हणाली, बघू.

८ मार्च, शनिवार

आली नाही. बघू म्हणाली होती, येते म्हणाली नव्हती. भात दोघींचा लावला होता, रात्रीही तोच खाल्ला.

१५ मार्च, शनिवार

तीन वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. हेमाने गाडीवाल्याला खाली थांबवलं असेल असं समजून मी बटवा घेऊन धावले, तर तिने आधीच पाठवून दिला होता.

केस सगळे पांढरे. काठी आहे, पण तिचा राग येत असल्यासारखी धरते. चपला काढता काढता थांबली. मला वाटलं आता विचारेल, आज कोण. विचारलं नाही. आत आली, घर बघितलं, आणि न सांगता दुसऱ्या खुर्चीत बसली. म्हणाली, "ही अजून आहे?" मी म्हणाले, उन्हाने खराब होते म्हणून आत ठेवते. ती म्हणाली, "हो का."

नवी पुली होती. "धरण" लावली, दुसरी बाजू. बोललो नाही. बाई गायली. बाजू संपल्यावर हेमा म्हणाली, "हं. हेच ऐकलं होतं मी तिकडे."  मी सुई उचलली. मला एकदम भीती वाटली की आता ती चहा घेईल, गुडघ्यांबद्दल बोलेल आणि जाईल, आणि मग काही उरणार नाही.

मग ती म्हणाली, "जुनी कुठाय?"

मी हिंगाची डबी आणली. तिने पुली हातात घेऊन बघितली, वास घेतला, नाक मुरडलं. म्हणाली, "लाव."

पट्टा दोनदा निसटला. तिने मदत केली नाही, फक्त म्हणाली, सावकाश, इतकी वर्षं थांबलो. भात गॅसवर ठेवला. ट्रान्सफॉर्मरने घूं केलं. सुई ठेवली आणि सगळं पुन्हा खाली उतरलं, जड झालं. खोलीत कुणीतरी ओळखीचं येऊन बसल्यासारखं वाटलं. तेराव्या मिनिटाला वाद्यं गप्प झाली. खिडकी उघडी आहे, दिवा चालू आहे.

हेमाने मान मागे टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आले बघ पोस्टमास्तर."

मला रडू आलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "बाजू संपू दे, मग रड. बोलू नये असं लिहितेस ना दर वेळी."

भात बरोबर झाला. मेतकूट नव्हतं, लोणच्याशी खाल्ला. डाव्या कानाने तिला आता कमी ऐकू येतं, हे तिने जेवताना सांगितलं. मुलगा तिला बंगलोरला बोलावतोय, मेमध्ये ठरवायचंय, हेही. मी म्हणाले, तिकडे हवा चांगली असते. एवढंच म्हणाले. वेगळं काहीतरी म्हणायचं होतं, ते लिफ्टचं दार लागल्यावर सुचलं.

पुढच्या शनिवारी येशील का, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

१६ मार्च, रविवार

"निळी"ची शिफारस पाठवली होती जानेवारीत, ती चुकीच्या मिनिटांनी. आज दुरुस्त करून पुन्हा लिहिली. शेवटी नेहमीप्रमाणे आलं, "शक्यतो शेजारी कुणाला तरी बसवून ऐकावी." त्यातलं "शक्यतो" काढून टाकलं.

मग फोन घेतलाच होता म्हणून हेमाला निरोप लिहिला: "बंगलोरला जाऊ नकोस." खूप वेळ तो तसाच ठेवला. शेवटी डोळे मिटून पाठवला. अजून वाचलेला नाही. रविवारी ती मंदिरात जात असेल, किंवा झोपली असेल, किंवा वाचून न वाचल्यासारखं करता येतं म्हणतात.

तोवर जुने निरोप वर सरकवत बसले. उत्तरेश्वर यांचा जानेवारीतला प्रश्न दिसला, त्याखाली माझं उत्तर. आजवर सगळी मिनिटं दुरुस्त केली, हे राहिलं होतं. नवं लिहिलं:

"एकोणीस जानेवारीला आपण विचारलं होतं, एकट्याने ऐकलं तर चालतं का. मी चालतं म्हणाले होते. ते चूक होतं. नाही चालत. रजा काढून घरी जा."